डाव्या चाकाचं बेअरिंग

आधीच सांगून ठेवतो, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. न बसलेलाच बरा. पण घरापुढच्या फरशीवर, एक पाना, एक हातोडा आणि बायकोचे टोमणे एवढ्याच सामानावर मी मोटारीच्या मागच्या चाकाचं बेअरिंग बदललं. निघालेलं बेअरिंग गल्लीतून घरंगळत गेलं, समोरच्या शिंप्याच्या दुकानाच्या पायऱ्या चढलं, त्याच्या मशीनला एक फेरी मारली आणि परत येऊन माझ्या पायाशी निमूट बसलं. पायऱ्या चढलं म्हणजे चढलंच. शिंपी साक्षीला आहे. तो नाही म्हणतो, ती गोष्ट वेगळी.

मी बसडेपोत फिटर होतो. जन्मभर इंजिनं ऐकली. बस फाटकातून आत शिरायची तेव्हा मी चहा पीत असायचो, आणि कप खाली न ठेवता सांगायचो की तिचा कुठला पट्टा सैल झालाय आणि ड्रायव्हरचं आज घरी भांडण झालंय की नाही. दुसरं थोडं वाढवून सांगतोय, पहिलं नाही. डोळे मिटायचे, मान जराशी तिरकी करायची आणि ऐकायचं. बाकीचे फिटर उघडून बघायचे, मी ऐकून बघायचो. म्हणून सगळे मला कानसेन म्हणू लागले. मी निवृत्त झालो, नाव झालं नाही. काम सुटलं तरी नाव मागे राहतं, आणि मग ते नावच माणसाला राबवून घेतं.

मोटार माझ्या थोरल्या भावाची. भाऊ गेला, मोटार राहिली, आणि आता त्याची मुलगी ती चालवते. वहिनी आणि पुतणी आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की आमची बायको उठून आमचा गॅस बंद करते. वहिनींचा एक डोळा केव्हाच गेला, दुसऱ्यावर पडदा आलाय. त्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया डोंगरापलीकडच्या मोठ्या इस्पितळात सोमवारी सकाळी व्हायची होती. तारीख फार खटपटीनं मिळाली होती आणि चुकली तर पुढची कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. पुतणीनं पहाटे गाडी काढायची, वहिनींनी मागे बसायचं, आणि मधला रस्ता सगळा वळणांचा आणि उताराचा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसती हवा.

नेमकी त्याच्या आदल्या आठवड्यात गाडी मागून घुमायला लागली. वेग वाढला की घुमणं वाढायचं, वेग उतरला की उतरायचं. बेअरिंगच, यात शंकाच नव्हती. आता बेअरिंगचा स्वभाव सांगतो. झिजलेलं बेअरिंग लगेच काही करत नाही. घरातल्या म्हाताऱ्यासारखं ते बरेच दिवस नुसतं कुरकुरतं, कुणी लक्ष देत नाही, आणि मग एखाद्या दिवशी, शक्यतो उतारावर, चाकासकट निरोप घेतं.

गॅरेजवाला म्हणाला, सोमवारपर्यंत वेळ नाही, गुरुवारी आणा. मी पुतणीला म्हटलं, घरात कानसेन असताना गॅरेजची पायरी कशाला चढायची? तू फक्त बेअरिंग आणून दे. दोन्ही मागच्या चाकांना एकच बेअरिंग चालतं, त्यात चुकायला काही जागा नाही. तिनं विचारलं, कुठलं चाक ते नक्की कळेल ना? मी नुसता हसलो. ते हसू मला अजून आठवतं, आणि आठवलं की कानशील गरम होतं.

रविवारी सकाळी आम्ही गाडी घेऊन चक्कर मारली. ती चालवत होती, मी शेजारी. मी डोळे मिटले, मान तिरकी केली. गाडीच्या घरघरीत ती ओरडूनच बोलत होती. म्हणाली, काका, डावीकडे वळताना आवाज वाढतो हां. आता हा नियम अर्ध्या डेपोला मीच शिकवलाय: गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकावर जातो, म्हणून डावीकडे वळताना ओरडतं ते उजवं. तोंडपाठ आहे मला. तरी मी म्हटलं, डावं. मागचं डावं.

ती म्हणाली, मग घरी गेल्यावर दोन्ही चाकं उचलून हातानं फिरवून बघू या का? स्प्रिंगवर हात ठेवला की थरथर लागते म्हणतात. बरोबरच म्हणत होती. दोन मिनिटांचं काम. पण मी म्हटलं, ज्याला कान नाहीत तो हात लावून बघतो. कानसेन तू की मी?

इथंच घोडं पेंड खातं. गेल्या थंडीत मला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना माझ्या उजव्या कानातलं सगळं सामान घेऊन गेला. आता तिथे नुसती रिकामी खोली आहे. एका कानाच्या माणसाचं दुःख असं, की त्याला कमी ऐकू येतं हे सोडा, पण जगातला प्रत्येक आवाज एकाच बाजूनं येतो. उजवीकडच्या झाडावर कावळा ओरडला की मी डावीकडे हात उगारतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. उजवीकडून कुणी बोललं तर मी उत्तर देत नाही. लोक म्हणाले, वयानं माणूस गंभीर झाला. बायको म्हणाली, नाही, हा पहिल्यापासूनच असा आहे. मीही ते तसंच चालू दिलं. डोळ्याला चष्मा लागला तर कुणी हसत नाही हो. पण कानसेनालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर डेपोतली उरलीसुरली मंडळी माझ्या नावानं आणखी दहा वर्षं चहा प्यायली असती.

तर काम सुरू झालं. पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागच्या डाव्या चाकाचे नट जमिनीवरच सैल केले, मग जॅक लावला, खाली लाकडाचे ठोकळे दिले. चाक काढलं, ब्रेकचा ड्रम काढला. आत हब म्हणजे चाकाचा गाभा, त्याच्या पोटात बेअरिंग, आणि ते सगळं मागून चार बोल्टांनी धरलेलं. बोल्ट गंजून असे बसले होते की त्यांना तिथेच जन्म काढायचा होता. गंज सोडवायचं तेल पाजलं आणि वाट बघितली. पान्याला पाइप लावला आणि जोर दिला. पाइप वाकला. संध्याकाळी मंडळींना सांगताना मी म्हटलं, पाइपवर बायकोला बसवलं तेव्हा कुठे बोल्ट हलला, आणि असा कडाडला की शिंप्याचं बंद पडलेलं घड्याळ चालू झालं. बायको म्हणाली, मी त्या वेळी आत भांडी घासत होते. मी म्हटलं, तुझा नुसता धाक बसवला होता.

चारही बोल्ट निघाले, पण हब काही सुटेना. मग हातोडा. मागून, आळीपाळीनं, एकदा इकडे, एकदा तिकडे. घामानं सदरा पाठीला चिकटला. आणि एकदाचं ते सुटलं, फरशीवर पडलं, थोडं घरंगळलं. पायऱ्यांपर्यंत नाही. विटेपर्यंत.

मी ते उचललं, एका हातात धरलं आणि दुसऱ्या हातानं फिरवलं.

झिजलेलं बेअरिंग हातात कळतं. आत वाळू भरल्यासारखं खरखरतं, मध्येच अडतं, बोटांना ठेच लागते. हे फिरलं ते मधातून चमचा फिरावा तसं. एवढे घाव खाऊनसुद्धा तक्रार नाही. मी डाव्या कानाशी नेलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. काही नाही. ठणठणीत होतं ते. मी धडधाकट बेअरिंग उपटून काढलं होतं आणि दुखरं पलीकडच्या चाकात तसंच बसलेलं होतं.

तेव्हाही सगळं हातात होतं. धडधाकट होतं तिथेच परत बसवायचं, नवीन उजवीकडे लावायचं, आणखी चार बोल्ट, बस. फक्त एक वाक्य बोलायला हवं होतं, बाजू चुकली. अगदी तोंडात आलं होतं. पण तेवढ्यात समोरून शिंपी आला. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या काढून म्हणाला, काय निघालं रे कानसेना? आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "वाट लागली होती रे याची. उद्यापर्यंत टिकलं नसतं."

एकदा बोललो ते बोललो. पुतणी औषधं आणायला गेली होती, ती आली तेव्हा शिंप्यानंच तिला सांगितलं, तुझ्या काकांनी तुम्हा दोघींना वाचवलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं. मी खाली वाकलो आणि नवीन बेअरिंग डाव्या चाकात बसवायला लागलो. बोल्ट आवळताना हाताला असा जोर आला की काय सांगू. चोर रात्री कडी लावतो ना, तसा मी आवळत होतो. उजव्या चाकाकडे मी बघितलंसुद्धा नाही. ते मात्र माझ्याकडे बघत होतं.

दुपारी जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, दमलो. तशी ती म्हणाली, दमल्यावर तू दुप्पट जेवतोस. मी उठलो. जुनं बेअरिंग फरशीवर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं, ते उचलून कोपऱ्यात बादलीमागे सरकवलं. मग परत येऊन आणखी मागे सरकवलं.

शेवटी ठरवलं, वहिनींनाच सांगू. त्यांना सांगणं त्यातल्या त्यात सोपं. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नाही. गेलो. त्या पलंगावर बसून इस्पितळाची पिशवी भरत होत्या. कपड्याची घडी नाकाशी नेऊन बघायच्या, मग बोटांनी काठ चाचपून पिशवीत ठेवायच्या. पिशवीत तळाशी भावाचा जुना मफलर होता. मी खोकलो. त्या म्हणाल्या, भावोजी ना? या. तुमचं खोकणं ओळखते मी. मी म्हटलं, वहिनी, एक सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, "आधी माझं ऐका. पट्टी सुटली की पहिलं तुमचं तोंड बघणार आहे. किती वर्षं झाली, नुसता आवाजच ऐकतेय तुमचा. तुम्ही गाडी बघितलीत म्हणून मी जातेय, नाहीतर या मुलीला म्हटलं होतं, राहू दे."

मग मी त्यांना सांगितलं. बेअरिंग पायऱ्या कसं चढलं ते. त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. परत येताना मला वाटलं, दारातल्या पायपुसण्यानं आपल्याला पुसून घ्यावं.

मग मी दुसऱ्या वाटा शोधायला लागलो. पुतणीला म्हटलं, उद्या हवा बिघडणार आहे, गुडघा सांगतोय. ती म्हणाली, आकाश तर स्वच्छ आहे काका. मग म्हटलं, उतारावर अगदी सावकाश जा, दुसऱ्या गियरमध्ये, आणि डावीकडे फार वळू नकोस. हे शेवटचं बोलून मी जीभ चावली. डोंगराच्या रस्त्यावर डावीकडे वळू नकोस म्हणजे काय, हवेत जा? ती नुसती उभी राहिली, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत.

चार वाजण्याच्या सुमाराला माझ्या डोक्यात आलं, की उजव्या टायरची हवा सोडावी. स्टेपनीचीही सोडावी. मग त्या भाड्याच्या गाडीनं जातील, माझी लाजही राहील आणि त्याही राहतील. मी खाली बसलो, झाकण काढलं, काडी शोधली. एवढ्यात मागून सावली पडली. पुतणी. तिनं काही विचारलं असावं. मला ऐकू आलं नाही, म्हणजे ती उजवीकडे उभी होती. मी म्हटलं, हवा बघत होतो. ती वळसा घालून डावीकडे आली आणि म्हणाली, मी जरा चक्कर मारून येते, आवाज गेला का ते बघते. मी म्हटलं, कशाला, गेलाय. ती म्हणाली, तुम्ही सांगताय म्हणजे गेलाच असेल, पण पेट्रोलही भरायचंय. गाडी गल्लीतून बाहेर पडली. मी डाव्या कानानं ऐकत राहिलो. पहिल्या गियरला काही नाही, दुसऱ्याला काही नाही, आणि कोपऱ्यावरून डावीकडे वळली तेव्हा तेच घुमणं आलं.

ती येईपर्यंत चहा झाला. बायकोनं घरापुढच्या फरशीवर खुर्च्या टाकल्या, वहिनींना धरून आणून बसवलं, शिंपी स्वतःचं स्टूल घेऊन आला. सगळ्यांचं एकच म्हणणं, सांगा आता सविस्तर. माझा असा स्वभाव आहे, की मनात चोर असला की जीभ जास्त सुटते. मी सांगायला लागलो.

पाइप वाकला इथून सुरू केलं. बोल्ट कडाडला, घड्याळ चालू झालं, बेअरिंग पायऱ्या चढलं. शिंपी म्हणाला, माझ्या दुकानाला पायऱ्याच नाहीत, एक उंबरा आहे. मी म्हटलं, बेअरिंग आलं तेव्हा होत्या. वहिनी हसल्या. त्या हसल्या की मला पुढे जावं लागायचं, थांबलो तर शांतता होईल आणि शांततेत काय बाहेर पडेल याचा नेम नव्हता. मग मी त्या बेअरिंगची अवस्था सांगायला घेतली. आधी म्हटलं, दोन छर्रे फुटले होते. मग म्हटलं, निम्मे फुटले होते. चहाचा दुसरा कप होईपर्यंत आत एकही छर्रा उरला नव्हता, नुसता भुगा, आणि तो भुगा मी ओंजळीत घेऊन झाडाच्या मुळाशी घातला होता. माझं जितकं चुकत होतं तितकं ते बिचारं झिजत चाललं होतं. बादलीमागे बसून सगळं ऐकत असणार.

शिंपी म्हणाला, दाखव तरी. मी म्हटलं, हात घाण होतील. बायको उठली, बादली सरकवली आणि वर्तमानपत्र उलगडून बेअरिंग सरळ वहिनींच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, धरा, हे काढून यानं आज तुमचा जीव वाचवला म्हणे.

वहिनींनी ते दोन्ही हातांनी चाचपलं. डोळे अधू असलेल्या माणसाची बोटं फार बघतात. एका हातानं धरलं, दुसऱ्यानं फिरवलं. ते फिरलं, आणि फिरतच राहिलं. त्या म्हणाल्या, "किती गुळगुळीत आहे हो भावोजी." मी म्हटलं, तेलामुळे. त्या म्हणाल्या, "आणि आवाज तर काहीच येत नाही." मी म्हटलं, वहिनी, हे बारीक आवाज सगळ्यांना नाही ऐकू येत, त्याला कान लागतो. त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं. मी काहीही म्हटलं असतं तरी त्यांना पटलं असतं. तेच फार वाईट होतं.

याच वेळी गाडी परत आली. आवाज कसला होता ते मी मुद्दाम ऐकलं नाही; त्या क्षणी मी जोरात खोकत होतो. पुतणी उतरली, मागच्या सीटवरून कसली तरी कागदी पिशवी काढली, ती माझ्या खुर्चीमागे, दाराशी ठेवली, हात धुतले. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, चालू द्या काका, मला सुरुवातीपासून ऐकायचंय. आणि खुर्ची उचलून माझ्या उजवीकडे बसली.

माझ्या उजवीकडे मी कुणाला बसू देत नाही. तिथे मी चहाचा कप ठेवतो, छत्री ठेवतो. पण आता काय बोलणार?

मग मी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. या खेपेला पाइपचा गोळा झाला, घड्याळानं टोले दिले, पायऱ्या वाढल्या. ती अधूनमधून काही विचारत असावी, कारण शिंपी तिच्याकडे बघून मग माझ्याकडे बघायचा, आणि मी पुढे बोलत राहायचो. एकदा बायको म्हणाली, अरे, ती काहीतरी विचारतेय. मी म्हटलं, ऐकलं मी, येतोच आहे त्याच्यावर. आणि कशावर यायचं ते न कळून मी पुन्हा आवाजावर आलो. म्हटलं, मंडळी, तो आवाज. आज सकाळी गाडीत डोळे मिटून बसलो आणि पहिल्या दहा पावलांत ओळखलं. मागचं डावं. या मुलीला हात लावून बघायचं होतं. मी म्हटलं, बाळा, कानसेन आहे घरात.

पुतणी उठून माझ्या मागे आली. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. तिचा हात जड नव्हता, पण मला खुर्ची फरशीत रुतल्यासारखी वाटली. वाकून मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काका, मग आत्ताच दाखवा की. तुमची ती पद्धत. डोळे मिटा. मी बेअरिंग कानाशी धरून फिरवते, ते कसं वाजतंय ते तुम्ही आईला सांगा. तिला ऐकू नाही आलं."

मी म्हटलं, आता कशाला, चहा गार होईल. शिंपी म्हणाला, होऊ दे की. बायकोनं कप खाली ठेवला. ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी ती उतू जायच्या आधी दुधाकडे बघते. आणि वहिनी त्यांचा तो धूसर डोळा माझ्या दिशेला धरून वाट बघत होत्या.

मी डोळे मिटले. मान तिरकी केली. उजव्या गालाशी काहीतरी आलं, ऊन अडल्यासारखं झालं एवढ्यावरून कळलं. पुतणीचे हात कुठे आहेत, काय फिरवतायत, काही पत्ता नाही. त्या रिकाम्या खोलीत काय ऐकू येणार? पण मी मनात हिशेब केला. बेअरिंग चांगलं आहे म्हणजे आवाज नाहीच. माझा कान गेलाय म्हणजे आवाज असला तरी नाहीच. दोन्हीकडून शांतताच, तेव्हा बोलायला सगळं रान मोकळं. अजून बोलता आलं असतं. बाजू चुकली, एवढंच. पार्ट विकणारं दुकान अजून उघडं होतं, उजेड होता. जीभ टाळ्यापर्यंत गेलीसुद्धा.

"आलं का काही ऐकू?" पुतणीनं मोठ्यानं विचारलं.

"न यायला काय झालं," मी म्हटलं. "जात्यात खडे दळावेत तसं दळतंय. ऐका वहिनी."

"अजून फिरवू?"

"फिरव. हा बघा, हा एक छर्रा निखळला. आता दुसरा. असं बेअरिंग घालून उतारावर जाणं म्हणजे," मी म्हटलं, आणि वाक्य मलाच पुढे नेता आलं नाही.

"नक्की ना काका? हाच आवाज?"

"कानांची शपथ."

मग पावलं वळसा घालून माझ्या डावीकडे आली, आणि पुतणी हळूच, पण शिंप्याच्या दुकानापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, जुनं बेअरिंग अजून आईच्या मांडीवरच आहे. तुमच्या कानाशी मी हे नव्या बेअरिंगचं न उघडलेलं खोकं धरलं होतं, उजव्या चाकासाठी आणलेलं."